दप्तरातला परका : भाषा, राष्ट्र आणि स्थलांतर यांच्या अभ्यासाचा आढावा

देशाच्या सरहद्दीवर शिपाई उभा असतो हे खरे. परंतु सरहद्दीच्या आतले कोण आणि बाहेरचे कोण, आतल्यांतही अस्सल कोण आणि उपरे कोण, हा निवाडा त्या शिपायाच्या हाती क्वचितच असतो. तो होतो कारकुनाच्या शेऱ्यात, वृत्तपत्राच्या मथळ्यात, विधिमंडळातील भाषणात, न्यायालयाच्या निकालपत्रात आणि आगगाडीच्या डब्यातील गप्पांत. आणि या सर्व ठिकाणी बोलल्या-लिहिल्या जाणाऱ्या भाषेची बारकाईने छाननी करून, राष्ट्र नावाची कल्पना त्या भाषेतून कशी घडते व स्थलांतरित माणसाला तीत कोणती जागा नेमून दिली जाते, याचा शोध घेणारी जी अभ्यासशाखा गेल्या अर्धशतकात मुख्यतः युरोपात वाढली, तिला आपल्याकडे चर्चाविश्वाचे विश्लेषण असे म्हटले जाते. या शाखेतील ग्रंथांचा पसारा आता एवढा झाला आहे की, त्याची नुसती नामावळी द्यायची म्हटले तरी एक पुस्तिका व्हावी. तो उद्योग येथे करावयाचा नाही. या अभ्यासाने काय कमावले, कोठे तो पोकळ राहिला, आणि आपल्या देशातील प्रश्नांना त्याची पद्धत लावली असता काय दिसते, एवढेच पाहावयाचे आहे; आणि माझे मत आरंभीच सांगून टाकतो की, पुढाऱ्यांची भाषणे व वृत्तपत्रांचे रकाने यांवर या शाखेने जितके श्रम वेचले, त्याच्या निम्मे जरी सरकारी दप्तरावर वेचले असते, तरी तिच्या पदरी अधिक भरीव ऐवज पडला असता.

तात्त्विक पायाविषयी थोडक्यात सांगणे पुरे. मिशेल फूको यांनी २ डिसेंबर १९७० रोजी पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समध्ये दिलेल्या पहिल्या व्याख्यानात, कोणत्याही समाजात काय बोलावे, कोणी बोलावे आणि कोणत्या प्रसंगी बोलावे यावर निर्बंध असतात व सत्ता त्या निर्बंधांतूनच वावरते, असे प्रतिपादन केले. पुढे लँकेस्टरच्या नॉर्मन फेअरक्लो यांनी १९८९ सालच्या आपल्या ग्रंथात या विचाराला वाक्यरचनेच्या, शब्दयोजनेच्या अभ्यासाची जोड दिली. राष्ट्राच्या बाजूने पाहू गेल्यास बेनेडिक्ट अँडरसन यांचा १९८३ चा ग्रंथ सर्वपरिचित आहे. परस्परांना कधीही न भेटणारी माणसे एकच वृत्तपत्र वाचून एका समूहाची होतात, हा त्यातील सिद्धान्त आता पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला आहे. मला त्याहून मार्मिक वाटतो तो मायकेल बिलिग यांचा १९९५ चा ग्रंथ. बिलिग यांनी जून १९९३ मधील एका दिवसाची ब्रिटिश वृत्तपत्रे समोर घेतली, आणि राष्ट्रवाद हा मिरवणुकीतील झेंड्यात जितका असतो त्याहून अधिक तो ‘आपण’, ‘येथे’, ‘देशात’ अशा निरुपद्रवी शब्दांत, किंबहुना कोणत्या देशाचे हे न सांगता छापलेल्या हवामानाच्या अंदाजातही असतो, हे दाखवून दिले.

या शाखेचे खरे बळ ज्या प्रसंगाने वाढले तो ऑस्ट्रियातला. संयुक्त राष्ट्रसंघाचे माजी सरचिटणीस कुर्ट वाल्डहाइम १९८६ साली तेथील अध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा त्यांनी आपल्या चरित्रातून जर्मन सैन्यातील बाल्कन प्रदेशातल्या नोकरीचा भाग वगळला होता, असे उघडकीस आले. आणि लाखो ऑस्ट्रियनांप्रमाणे आपण केवळ कर्तव्य बजावले, अशा आशयाच्या त्यांच्या समर्थनाने देशात मोठे वादळ उठले. व्हिएन्नातील भाषाशास्त्रज्ञ रूथ वोडाक आणि त्यांचे सहकारी यांनी या वादातील भाषणे, बातम्या, नभोवाणीवरील संभाषणे, इतकेच नव्हे तर रस्त्यावरचे बोलणेही जमा करून तपासले. १९४३ च्या मॉस्को घोषणेने ऑस्ट्रियाला हिटलरच्या आक्रमणाचा पहिला बळी ठरविल्यापासून त्या राष्ट्राने आपली जी निर्दोष प्रतिमा जोपासली होती, ती वाक्यावाक्यातून कशी सांभाळली जाते हे त्यांनी दाखविले, आणि शब्द उच्चारला गेला त्या क्षणाइतकाच त्यामागचा इतिहासही वाचला पाहिजे, असा दंडक घालून दिला. त्याच मंडळींचा १९९८ चा राष्ट्रीय अस्मितेवरील ग्रंथ हा या विषयावरील पायाभूत ग्रंथ मानला जातो. ऑस्ट्रिया १ जानेवारी १९९५ रोजी युरोपीय संघात दाखल झाला, त्या सुमाराची भाषणे, वृत्तपत्रे, गटचर्चा आणि मुलाखती त्यात एकत्र तपासल्या आहेत. राष्ट्रीय अस्मिता एक नसून, व्यासपीठावर तिचे रूप निराळे आणि चहाच्या टेबलावर निराळे असते, आणि या दोन्ही रूपांत वाक्प्रचारांची सतत देवघेव चालते, हा त्यातील निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. त्या प्रवेशकराराला एक पुरवणी जोडली होती, आणि तीत टोमॅटो, जर्दाळू वगैरे खाद्यपदार्थांची ऑस्ट्रियन वळणाची २३ जर्मन नावे जर्मनीतल्या नावांच्या बरोबरीची म्हणून नमूद करून घेतली होती. राष्ट्राचा स्वाभिमान मंडईच्या यादीत उतरवून घेण्याचा हा प्रकार हसण्यावारी नेण्यासारखा दिसतो खरा. परंतु ज्या देशाची भाषा मोठ्या शेजाऱ्याच्या भाषेहून निराळी नाही, त्याला आपले वेगळेपण कोठेतरी लेखी मांडून ठेवण्याची गरज भासावी, यात आश्चर्य नाही.

त्याच काळात, १९९३ च्या आरंभी, ऑस्ट्रियातील स्वातंत्र्य पक्षाने परकीयांच्या आगमनाविरुद्ध जो सार्वत्रिक विनंतीअर्ज फिरविला त्यावर चार लाखांहून अधिक सह्या झाल्या. राइजिगल व वोडाक यांनी २००१ च्या ग्रंथात त्याची चिकित्सा केली आहे. येथून हा अभ्यास स्थलांतराकडे पुरता वळला; अर्थात त्यापूर्वीच अॅम्स्टरडॅमचे टॉन व्हान डाइक यांनी नेदरलँड्स व अमेरिका येथील सामान्य लोकांच्या घरगुती संभाषणांतून, ‘माझे त्यांच्याशी काही वैर नाही, पण...’ असा आरंभ करून पुढे वैराचीच भाषा बोलण्याची ढब टिपून ठेवली होती.

वृत्तपत्रांच्या अभ्यासात दोन कामे विशेष उल्लेखनीय. १९९४ साली कॅलिफोर्नियात बेकायदा स्थलांतरितांना सार्वजनिक सोयी नाकारणारा १८७ क्रमांकाचा प्रस्ताव मतदारांनी संमत केला. त्या काळातील लॉस एंजलिस टाइम्सचे अंक तपासून ओटो सांता आना यांनी, स्थलांतरितांविषयी बोलताना लोट, लाट, पूर या पाण्याच्या रूपकांचा किती सुकाळ होता हे २००२ च्या ग्रंथात मांडले. दुसरे काम लँकेस्टरचे. तेथील मंडळींनी १९९६ ते २००५ या काळातील ब्रिटिश वृत्तपत्रांचा निर्वासित, आश्रयार्थी आणि स्थलांतरित यांच्याविषयीचा सुमारे १४ कोटी शब्दांचा मजकूर संगणकात भरला आणि कोणत्या शब्दाच्या शेजारी कोणता शब्द वारंवार येऊन बसतो याचे गणित मांडले. ‘बेकायदा निर्वासित’ असा शब्दप्रयोग, जो कायद्याच्या दृष्टीने निव्वळ वदतोव्याघात आहे, तो पत्रकारांच्या लेखणीतून सहज उतरत होता हे त्यातून निष्पन्न झाले. एवढ्या राशीतून मुद्दाम वेचून काढलेल्या उदाहरणांचा आरोप करता येत नाही, हा या रीतीचा मोठा गुण.

आणि तो आरोप निराधार नव्हता. हेन्री विडोसन यांनी १९९५ पासून सातत्याने असा आक्षेप घेतला की, ही मंडळी निष्कर्ष आधी काढतात आणि मग त्याला अनुकूल असा उतारा शोधतात. पूर्वग्रहाचा शोध घेणारा स्वतः पूर्वग्रहापासून मुक्त कशावरून? या आक्षेपाला मिळालेली उत्तरे मला समाधानकारक वाटत नाहीत. एखाद्या कर्मणी प्रयोगात कर्ता झाकला गेला की त्यामागे कारस्थान पाहावयाचे, हा या वाङ्मयातील फार मोठा कंटाळवाणा भाग आहे. आणि पुराचे रूपक दिसले की निषेध नोंदवून पुढे जावयाचे, याने पुरातला माणूस कोण होता हे काही कळत नाही.

याउलट जेथे अभ्यासक कचेरीत शिरले, तेथे त्यांच्या लेखनाला धार आली. थेओ व्हान लेउवेन व रूथ वोडाक यांचा १९९९ चा निबंध मी या शाखेतील सर्वोत्कृष्ट लेखनात गणतो. ऑस्ट्रियात राबणाऱ्या परदेशी कामगारांनी बायकामुलांना आणण्यासाठी केलेले अर्ज नामंजूर करताना तेथील अधिकाऱ्यांनी जे निर्णय लेखी कळविले, ते त्यांनी तपासले. त्यात द्वेषाचा एक शब्द नाही. अमुक कायद्याचे अमुक कलम, राहत्या जागेचे क्षेत्रफळ स्थानिक मानाने अपुरे, सार्वजनिक हित खाजगी हिताहून श्रेष्ठ, अशा वाक्यांची ती निर्विकार मालिका आहे. आणि त्या निर्विकारपणातूनच, कायद्याचा हवाला, उपयुक्ततेचा हवाला, नीतीचा हवाला अशा पायऱ्यांनी, एका कुटुंबाचे वियोगात राहणे हे न्याय्य व स्वाभाविक कसे ठरते, हे लेखकांनी उलगडले आहे. जाहीर सभेतला वक्ता भडकपणे बोलतो म्हणून तो सापडतो. कचेरीचा बारनिशीकार मृदू बोलतो, आणि हुकूम त्याचाच अंमलात येतो.

हुकमाला परीक्षेचेही रूप देता येते. नेदरलँड्सने मार्च २००६ पासून काही देशांतून कुटुंबाकडे येऊ इच्छिणाऱ्यांना मायदेशातच डच भाषेची व समाजाची परीक्षा सक्तीची केली. ती आरंभी वकिलातीतून दूरध्वनीवर द्यावी लागे, आणि पलीकडे ऐकणारा माणूस नसून यंत्र असे. अमेरिका, कॅनडा, जपान यांच्या नागरिकांना ही परीक्षा माफ होती. भाषा शिकल्याने माणूस समाजात मिसळतो हे तत्त्व कोणीही मान्य करील. पण ते तत्त्व मोरोक्कोच्या स्त्रीला लागू आणि जपानच्या स्त्रीला गैरलागू कसे, याचे उत्तर भाषाशास्त्रात सापडणार नाही.

आश्रयार्थींच्या बाबतीत भाषेवर याहूनही मोठी जोखीम टाकली जाते. कागदपत्रे नसलेला माणूस आपण अमुक देशाचे असे सांगतो, तेव्हा त्याच्या बोलीवरून त्याचे मूळ ठरविण्याची रीत १९९० च्या दशकात स्वीडनसारख्या देशांत सुरू होऊन पुढे अन्यत्र पसरली. ऑस्ट्रेलियात अफगाणी हजारा आश्रयार्थींच्या बोलण्यात पाकिस्तानी वळणाचे शब्द आढळले म्हणून त्यांच्या दाव्यांविषयी संशय घेण्यात आला. वर्षानुवर्षे सरहद्दीपलीकडच्या छावण्यांतून राहिलेल्या माणसाच्या जिभेवर तेथले शब्द बसणारच, हे डायना ईड्स व इतरांनी निदर्शनास आणले, आणि २००४ साली भाषाशास्त्रज्ञांच्या एका गटाने अशा तपासणीविषयी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. बेल्जियमचे यान ब्लोमार्ट यांनी २००९ च्या निबंधात रवांडाच्या एका तरुणाची हकीकत दिली आहे. यादवीने उद्ध्वस्त झालेल्या बालपणात तो अनेक देशांतून फिरला, त्यामुळे त्याच्या तोंडची भाषा रवांडाच्या भाषिक नकाशाशी जुळेना. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी निष्कर्ष काढला की तो युगांडाचा. ब्लोमार्ट यांचे म्हणणे असे की, कचेरीच्या कल्पनेतील माणूस एका देशात जन्मतो, एक भाषा बोलतो आणि स्थिर राहतो. आणि पळून आलेल्या माणसाकडे नेमक्या याच तीन गोष्टी नसतात. हे त्यांचे निरीक्षण युरोपपुरते नाही.

त्याची प्रचीती घेण्यासाठी आसामकडे वळावे. तेथे भाषा, अस्मिता आणि स्थलांतर यांची गुंतवळ एवढी जुनी व घट्ट आहे की, व्हिएन्नाच्या पंडितांना अभ्यासासाठी याहून समृद्ध प्रांत मिळाला नसता. इंग्रजांनी १८३६ च्या सुमारास आसामच्या कचेऱ्या व शाळा यांत बंगाली आणली, ती १८७३ पर्यंत टिकली. आपली भाषा बंगालीची बोली नव्हे हे असमिया माणसाला जवळजवळ चार दशके सिद्ध करावे लागले, आणि ‘अरुणोदय’ हे पहिले असमिया नियतकालिक १८४६ साली अमेरिकन मिशनऱ्यांनी शिवसागरहून काढले. पुढे जमीनमहसूल वाढावा म्हणून पूर्व बंगालच्या, विशेषतः मैमनसिंगच्या शेतकऱ्यांना पडीक जमिनीवर येण्यास सरकारनेच उत्तेजन दिले. आणि त्याच सरकारचे जनगणना अधिकारी सी. एस. मुल्लान यांनी १९३१ च्या अहवालात या आगमनाचे वर्णन करताना आक्रमणाची भाषा वापरली, भूमीसाठी हपापलेल्या या झुंडी ब्रह्मी आक्रमकांपेक्षाही असमिया संस्कृतीचा अधिक निश्चित नाश करतील असे भाकीत केले, आणि उपमा योजल्या त्या मुंग्यांच्या व गिधाडांच्या.

या एका परिच्छेदाचा प्रवास हे चर्चाविश्वाच्या अभ्यासाचे आदर्श उदाहरण ठरावे. जनगणनेच्या अहवालातून तो आसामच्या राजकारणात उतरला. १९७९ ते १९८५ या परकीयविरोधी आंदोलनाच्या काळात आक्रमणाची ही कल्पना सर्वतोमुखी झाली. १९९८ साली राज्यपालांनी राष्ट्रपतींना पाठविलेल्या अहवालात मुल्लान यांचा हवाला आला. आणि १२ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्वानंद सोनोवाल खटल्यात १९८३ चा बेकायदा स्थलांतरितांविषयीचा कायदा रद्दबातल ठरविताना हा सर्व मजकूर उद्धृत करून, राज्यघटनेच्या ३५५ व्या अनुच्छेदातील बाह्य आक्रमण या संज्ञेत असे स्थलांतर बसते असा निर्वाळा दिला. परकीय अधिकाऱ्याने अलंकार म्हणून योजलेला शब्द ७४ वर्षांनी स्वतंत्र देशाच्या कायद्यात संज्ञा होऊन बसला. येथे कोणा एकाच्या हेतूवर बोट ठेवण्याचे कारण नाही. असमिया समाजाची आपल्या भूमीत अल्पसंख्य होण्याची भीती खोटी नव्हती, आणि तिला शब्द हवे होते, ते दप्तरात तयार सापडले.

त्याच दप्तराचे दुसरे रूप असे. १९३१ साली आसामात असमिया ही मातृभाषा सांगणारे शेकडा ३१.४ होते, १९५१ साली ते शेकडा ५६.७ झाले. यात सिल्हट जिल्हा पाकिस्तानात गेल्याचा वाटा मोठा होता हे खरे, परंतु पूर्व बंगालमधून आलेल्या मुसलमान शेतकऱ्यांनी जनगणनेत आपली मातृभाषा असमिया लिहविली, हेही तितकेच खरे. ते नव-असमिया म्हणविले गेले. त्यांच्या या नोंदीच्या आधारावर असमिया ही बहुसंख्याकांची भाषा ठरली, १९६० साली राजभाषेचा कायदा झाला, आणि त्याविरुद्ध बराक खोऱ्यातील बंगाली भाषिकांच्या आंदोलनात १९ मे १९६१ रोजी सिलचर येथे पोलिसांच्या गोळीबारात ११ जण मृत्युमुखी पडले. पुढे राष्ट्रीय नागरिक नोंदवहीच्या कामात त्याच शेतकऱ्यांच्या नातवंडांना २४ मार्च १९७१ पर्यंतच्या कागदाशी आपला वंश जुळवून दाखवावा लागला. ३१ ऑगस्ट २०१९ च्या अंतिम यादीतून १९,०६,६५७ माणसे वगळली गेली. नावाच्या स्पेलिंगमधील एका अक्षराचा फरक, आजोबांच्या वयातील दोन वर्षांची तफावत, अशा बाबींवर तेथील न्यायाधिकरणांतून जी रुजवात चालते, तिचे निकाल वाचताना ब्लोमार्ट यांच्या रवांडी तरुणाची आठवण होते. फरक एवढाच की तो तरुण परदेशी कचेरीत उभा होता, आणि हे आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी.

येथे एका बाबीकडे लक्ष वेधावेसे वाटते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे भारतात सुमारे ४५ कोटी माणसे पूर्वीचे वास्तव्य सोडून अन्यत्र राहत होती. त्यांत बहुसंख्य स्त्रिया, आणि त्या स्त्रियांपैकी बहुसंख्यांच्या स्थलांतराचे कारण विवाह. देशातले सर्वांत मोठे स्थलांतर हे असे सासरी जाणाऱ्या मुलींचे. तरी पूर, लोट, आक्रमण यांपैकी एकही शब्द त्यांच्या वाट्याला येत नाही. आसामात मात्र त्याही दप्तराच्या तडाख्यात सापडल्या. जन्माचा दाखला नाही, शाळेचा नाही, माहेरचे नाव ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर. ते दाखले गुवाहाटी उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये ग्राह्य मानले नाहीत, आणि डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने फेरतपासणीच्या अटीवर ते पुन्हा ग्राह्य धरले. माहेर आणि सासर यांच्या दरम्यान नागरिकत्व असे नऊ महिने टांगून राहिले.

एवढ्या सगळ्या वाङ्मयात स्थलांतरित स्वतः काय बोलतो, हा प्रश्न पुष्कळ उशिरा विचारला गेला. अॅना डी फीना यांनी २००३ च्या ग्रंथात मेरीलँडमधील मेक्सिकन मजुरांच्या तोंडून सरहद्द ओलांडल्याच्या कथा ऐकल्या, आणि त्या कथांत ‘मी’ कोठे येतो व ‘आम्ही’ कोठे, याचा वेध घेतला. कॅनडात बॉनी नॉर्टन यांनी १९९५ च्या निबंधात स्थलांतरित स्त्रियांना इंग्रजी शिकण्याची इच्छा असूनही बोलण्याची संधी कशी नाकारली जाते, हे लिहिले. आसामात हे काम कवींनी केले. १९८५ साली खबीर अहमद यांनी सरकारी विनंतीअर्जाच्या साच्यातच एक कविता लिहिली; २०१६ पासून, पूर्व बंगालमधून आलेल्या त्या मुसलमानांच्या वंशजांना दिली जाणारी मिया ही शिवी आपले नाव म्हणून धारण करणाऱ्या तरुणांची कविता पुढे आली, तिच्यापैकी काही त्यांच्या चर प्रदेशातील, म्हणजे नदीपात्रातल्या बेटांवरील, बोलीत होती. हिरेन गोहाईं यांच्यासारख्या, या समाजाविषयी सहानुभूती बाळगणाऱ्या ज्येष्ठ विचारवंतानेही असमिया सोडून बोलीत लिहिण्याला हरकत घेतली, आणि २०१९ साली दहा जणांविरुद्ध पोलिसांत फिर्याद दाखल झाली. गोहाईंची अडचण समजण्यासारखी आहे. ज्यांनी जनगणनेत असमिया लिहविली म्हणून ती भाषा बहुसंख्य ठरली, त्यांनी आता आपल्या घरच्या बोलीकडे वळावे, ही गोष्ट आसामच्या राजकारणात भाबडी राहू शकत नव्हती. तथापि दोन पिढ्या दुसऱ्याची भाषा आपली म्हणून लिहवूनही परके ठरलेल्या माणसाने बोलीचा आसरा घेतला, तर दोष बोलीला देता येत नाही.

महाराष्ट्राच्या बाबतीत सामग्री कमी नाही. मराठवाड्याने निजामाच्या राज्यात मुल्की नियमांचा अंमल पाहिला. १९१९ च्या त्या फर्मानानुसार नोकरीसाठी १५ वर्षांचे वास्तव्य लागे, आणि आजही महाराष्ट्रात अधिवासाच्या दाखल्याला सामान्यतः तेवढीच मुदत लागते. मायरन वायनर यांनी १९७८ च्या भूमिपुत्रांवरील ग्रंथात आसाम, छोटा नागपूर व हैदराबाद हे तीन प्रांत अभ्यासले. मुंबईवर मेरी कॅटझेनस्टाइन यांनी १९७९ साली आणि दीपंकर गुप्ता यांनी १९८२ साली लिहिले. हे सर्व समाजशास्त्राच्या अंगाने. भाषेच्या अंगाने पाहू गेल्यास ‘मार्मिक’ साप्ताहिकातील याद्या घ्याव्यात. १९६० साली निघालेल्या या साप्ताहिकाने, १९६६ मध्ये शिवसेना स्थापन होण्यापूर्वीच, मुंबईतील कंपन्यांमधल्या अमराठी अधिकाऱ्यांची नावे रकानेच्या रकाने छापली. मथळा आरंभी ‘वाचा आणि थंड बसा’ असा, पुढे ‘वाचा आणि उठा’ असा. त्या रकान्यांत युक्तिवाद जवळजवळ नव्हताच, नुसती नावे होती. कचेरीच्या हजेरीपटाचे रूप घेऊन राजकारण करण्याची ही कल्पना इतकी परिणामकारक ठरली, याचे कारण मराठी तरुणाने अशाच पटांवर आपले नाव शोधून पाहिले होते आणि ते तेथे नव्हते.

दुसऱ्या टोकाला २०१६ चे परिपत्रक आहे. ऑटोरिक्षाच्या परवान्यासाठी मराठीच्या ज्ञानाची अट घालणारे हे परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली रद्द केले. डच परीक्षेवर जे लिहिले गेले आहे ते या प्रकरणाच्या अभ्यासकाला उपयोगी पडेल. परंतु तेथील निष्कर्ष जसेच्या तसे येथे चालणार नाहीत. नेदरलँड्सच्या दारात उभी असलेली स्त्री कायद्याने परदेशी आहे, गोरखपूरहून आलेला चालक नाही. राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने त्याला येथे राहण्याचा हक्क दिला आहे. आणि मराठी ही राज्याची भाषा आहे, राष्ट्राची एकमेव भाषा नव्हे. मुंबईत तिला हिंदी, इंग्रजी व गुजराती यांच्याशी रोज बाजारात आणि कचेरीत जागेसाठी झुंजावे लागते. नागरिकाला उपरा म्हणणारी आणि स्वतःच्याच राजधानीत उपरे होण्याची भीती बाळगणारी ही भाषा युरोपच्या ग्रंथांत या स्वरूपात नाही. तिचा अभ्यास ज्याला करावयाचा असेल त्याने सभांच्या वृत्तांतांपूर्वी परिवहन कचेरीतील अर्ज, त्यांवरील शेरे आणि न्यायालयात दाखल झालेली प्रतिज्ञापत्रे मागवून घ्यावीत.